धोंड्याच्या महिन्याचे तीस चिंचोके

अशी जवळ ये बघू, नमू. अजून जवळ. तू तिकडे पुण्यात आणि मी इथे मांडवीला, ते मला ठाऊक आहे गो. पण समोर कुणाला बसवल्याशिवाय माझ्या हातून ओळ उतरत नाही, म्हणून तुलाच बसवते. आणि बसलीस तशी आधी चार शब्द ऐकून घे. तुझं कार्ड आलं. "आजी, सुट्टीत दोन दिवसांसाठी येऊन जाईन." येऊन जाईन! अगो, कावळासुद्धा श्राद्धाच्या पानावर यापेक्षा जास्त वेळ काढतो. हे दोन दिवस कुणी मोजले? तू मोजलेस, की तुझ्या हापिसातल्या साहेबाच्या तोंडाकडे बघून जीभ दोनावरच अडली?

अंबूमावशी असती तर तिनं तुझं कार्ड तुझ्या हातात परत ठेवलं असतं. "मोजून आण," म्हणाली असती. तुला तिच्याबद्दल कधी सांगितलंच नाही मी. आज सांगते.

अंबूमावशी आमची सख्खी कुणी नव्हे. आमच्या माहेरच्या घराच्या खालच्या अंगाला, बंदराकडे उतरणाऱ्या पायऱ्यांच्या वाटेवर, पाखाडीवर, तिचं दोन खणांचं घर. उंच, हाडापेरानं मजबूत, कपाळ मोकळं, आणि आवाज असा की पाखाडीच्या टोकाला उभ्या माणसाला वाटावं, आपल्यालाच ओरडते आहे. नवरा बंदरावरच्या कचेरीत कारकून होता. त्यानं हौसेनं तिला इंग्रजी शिकवलं. तो गेला, इंग्रजी राहिलं. त्या इंग्रजीवर ती अर्ज लिहायची.

अर्ज कसले? रजेचे. त्या काळी आमच्याकडच्या प्रत्येक घरातला एक तरी बाप्या मुंबईला. कुणी गोदीत, कुणी गिरणीत, कुणी पेढीवर. शिमग्याला, लग्नाला, भातलावणीला घरी यायचा आणि आला की त्याचा पाय निघायचा नाही. मग रजा वाढवून मागायला अंबूमावशीच्या पडवीत. साहेबाला वाटायचं कुणी शिकलेला गृहस्थ लिहितो आहे. बाईमाणसाचं अक्षर आहे हे कुणाला कळायचं नाही, कारण सही ज्याची त्याची.

तिची लिहिण्याची रीत निराळी होती. आधी हात धुवायचे. मग उतरतं मेज मांडीपुढे ओढायचं. सगळा अर्ज वरपासून खालपर्यंत लिहून काढायचा, पण किती दिवसांची रजा, ती जागा कोरी. मग फडताळातून चिंचोक्यांचा डबा काढायची आणि समोरच्या माणसाला म्हणायची, "हं, मांड."

एका दिवसाला एक चिंचोका. माणसानं स्वतःच्या हातानं मांडायचा. कुठल्या दिवसापासून, कुठल्या दिवसापर्यंत, मोठ्यानं बोलत. लोक हसायचे. एकदा एक गोदीवाला म्हणाला, "मावशी, मी काय सारीपाट खेळायला आलो? एक आठवडा लिहा नि मोकळे व्हा."

"आठवड्याचे दिवस किती रे?"

"आठ."

"साहेबाच्या आठवड्याचे सात असतात, मेल्या. गेल्या खेपेला आठव्या दिवशी गेलास नि शिव्या खाल्ल्यास, त्या कुणाच्या? मांड!"

त्यानं गुमान मांडले.

चिंचोके मांडून झाले, दोनदा मोजले, की ती कोऱ्या जागेत दिवस भरायची. आणि अगदी शेवटी, टाक नव्यानं बुडवून, त्या शब्दाच्या डोक्यावर एक बारीकशी आकडी काढायची. इंग्रजीत म्हणे 'एका महिन्याची रजा', 'दोन महिन्यांची रजा' असं लिहायचं तर ती आकडी लागते. एकच महिना असला तर शेवटच्या एस या अक्षराच्या आधी, जास्त असले तर एसच्या नंतर. मी तेव्हा तेरा वर्षांची. तिच्या मेजाच्या कडेला बसून बघून बघून अक्षर शिकले, शाळेनं मला शिकवलं ते फार थोडं. मी विचारलं, "मावशी, कधी आधी, कधी नंतर, हे लक्षात कसं ठेवायचं?"

"गाय एकटी असली तर गुराखी कुठे असतो?"

"पुढे. दावं धरून ओढतो."

"आणि कळप असला तर?"

"मागून हाकतो."

"झालं. ही आकडी म्हणजे गुराखी."

मग म्हणाली, "आणि एक ध्यानात धर बायो. ती आकडी काय सांगते? ही रजा दिवसांची आहे. माणसाची नव्हे, साहेबाचीही नव्हे, दिवसांची. मालक ते. मालकाला विचारल्याशिवाय त्याचं नाव घालू नये."

मला तेव्हा त्यातलं आकडीएवढंच कळलं.

तिचं आणखी एक ठरलेलं बोलणं होतं. "माणूस देवाकडे मागताना हावरा होतो आणि साहेबाकडे मागताना भित्रा." भिडेची तिला चीड. कुणी "जरा कमीच लिहा" म्हटलं, की टाक खाली ठेवायची. पुढचा तासभर तो खाली. ही चीड कुठून आली ते आम्हाला ठाऊक नव्हतं. ते त्या ज्येष्ठात कळलं.

माझा थोरला भाऊ अण्णा मुंबईला एका साहेबाच्या पेढीवर होता. बाबा गेल्यापासून आमच्या घरातली चूल त्याच्या त्या नोकरीवर पेटायची. वैशाखात तो महिन्याची रजा घेऊन आला आणि चार दिवसांत तापानं पडला. विषमज्वर. तो पुरुषभर माणूस अंथरुणात असा मिसळला की वरून पांघरूण सपाट दिसायचं. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण उठवून बसवलं तर मान राहीना. डॉक्टर म्हणाले, "नारळी पुनवेपर्यंत प्रवासाचं नाव काढू नका. ताप उलटला तर मग माझ्या हातात काही नाही."

आणि पेढीचं पत्र आलं. रजा वटपुनवेला संपते. त्याच्या आत एकतर माणूस हजर पाहिजे, नाहीतर रजेचा अर्ज साहेबाच्या मेजावर पाहिजे. दोन्ही नसलं तर जागेवर दुसरा माणूस घेणार. पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पावसाआधीची शेवटची आगबोट होती. ती चुकली तर टपाल घाटावरून फिरून जाणार, आणि मुदत तोवर उलटून जाणार.

बोटीच्या दिवशी सकाळीच आईनं मला मावशीकडे पिटाळलं. अंबूमावशी मेज, दौत आणि चिंचोक्यांचा डबा घेऊन आमच्या माजघरात आली. अण्णाच्या अंथरुणाशेजारी बसली. तात्या, म्हणजे आमचे काका, मांडीवर पंचांग घेऊन खांबाला टेकलेले. घरात शब्द त्यांचा चालायचा. मावशीनं अर्ज लिहायला घेतला तेव्हा दहा वाजले असतील. बंदरावरून टपालाची थैली बाराला पडावात, म्हणजे आगबोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत, चढायची.

अर्ज लिहून झाला. कोरी जागा राहिली. मावशी म्हणाली, "किती?"

"दोन महिने," तात्या म्हणाले. "ज्येष्ठाच्या पुनवेपासून श्रावणाच्या पुनवेपर्यंत. ज्येष्ठ ते आषाढ एक, आषाढ ते श्रावण दोन."

मावशीनं डबा उघडला. अण्णाला मांडता येण्यासारखं नव्हतं, म्हणून चादरीवर तिनंच मांडायला घेतले. तीस-तीसच्या ओळी. एक ओळ झाली, दुसरी झाली. आणि तिनं तिसरीही मांडली.

"हे काय?" तात्या सरळ बसले.

"अवंदा आषाढ दोन आहेत, तात्या. धोंड्याचा महिना आलाय."

"ते मला सांगतेस? पंचांग माझ्या मांडीवर आहे. पण मलमास मोजणीत धरत नाहीत. व्रत नाही, लग्न नाही, मुंज नाही. तो महिना नसल्यातच जमा."

"देवाकडे नसेल धरत. साहेबाच्या भिंतीवरच्या क्यालेंडराला मलमास ठाऊक नाही. तिथे जून, जुलै आणि ऑगस्ट. तीन झाले."

"तीन महिने?" तात्यांचा आवाज चढला. "अंबू, अगो तीन महिने कोण देतो? दोन मागितले तर एखादे वेळी देईल. तीन बघितले की कागद फाडील आणि नाव काढील. घर कुणाचं बुडणार, तुझं?" आणि त्यांनी पुढे वाकून मधली ओळ हातानं गोळा केली. तीसच्या तीस चिंचोके. मुठीत घेऊन आपल्या पंचांगाशेजारी ठेवले.

आईनं पदर तोंडाला लावला. ती कुणाच्या बाजूनं होती, मला आजही सांगता येणार नाही. दोन्ही बाजूंना तिचाच मुलगा होता.

मावशी उठली, तात्यांपुढचे चिंचोके ओच्यात भरले आणि परत येऊन एकेक करून चादरीवर लावू लागली. आम्ही सगळे बघत होतो. बंदराकडून माणसांचा गलका वर येत होता. पेट्या, बोचकी, निरोप. एक, दोन, तीन... ती घाई करेना. मी मनात म्हणत होते, लिही गो मावशी, काहीही लिही, पण लिही!

तीस लावून झाले. मग ती अण्णाच्या तोंडाशी वाकली.

"अण्णा, बाळा, डोळे उघड. ही मधली ओळ बघ. हा पाऊस ऐन कोसळेल तेव्हाचा महिना. त्या दिवसांत तू कुठे असशील?"

अण्णाचे ओठ सुकलेले. म्हणाला, "इथेच. या अंथरुणातच."

"ते दिवस तुझ्या अंगावरून जातील ना?"

"जातील."

"मग ते न धरता चालेल?"

अण्णा मग म्हणाला, "मावशी, दोनच लिहा. साहेबाला तीन कसे मागू? लाज वाटते."

मावशीनं टाक खाली ठेवला. आई एकदम म्हणाली, "अंबू, वेळ नाही गो!"

"ठाऊक आहे." आणि मग ती अण्णाकडे बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. एवढ्या हळू आवाजात तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आमच्या घरातला पहिला अर्ज मी लिहिला तो माझ्याच माणसासाठी. छातीत कफ भरलेला, उभं राहवत नव्हतं. मला म्हणाले, आठवड्याचीच लिही, जास्त मागितलं तर बरं दिसत नाही. मला दिसत होतं, महिना लागेल. पण मी नवशिकी. आकडी बरोबर जागी पडली, त्याचंच कौतुक. त्यांनी पाठ थोपटली माझी. आठवडा संपला तसे कोट चढवून कचेरीत गेले. कागदावर तेवढंच होतं ना! तिसऱ्या दिवशी चौघांनी उचलून आणले." तिनं पदरानं मेजावरची न दिसणारी धूळ पुसली. "आकडी बरोबर होती, अण्णा. दिवस चुकले होते. तेव्हापासून मी आधी दिवस मोजते. आता सांग. तू सांगशील तेच लिहीन. तुझ्या तात्यांचं नाही नि माझंही नाही."

तात्या पंचांगाचं पान उगाच चिमटीत धरून बसले.

अण्णा चादरीवरच्या ओळींकडे बघत होता. बोट उचलून एकेका ओळीवर ठेवू लागला, आणि तेवढ्यानंच त्याला धाप लागली. तिसऱ्या ओळीवर बोट आलं तेव्हा म्हणाला, "तीन."

मावशीनं टाक बुडवला. तीन महिने लिहिले, एस काढला, एसच्या मागे गुराखी उभा केला. सही करताना अण्णाचा हात कापायला लागला. तात्या म्हणाले, "हात धर त्याचा. सही सरळ तरी येऊ दे."

"नको. वाकडी येऊ दे. साहेबाला आजार दिसू दे."

पाकीट बंद झालं तेव्हा पावणेबारा. पोरीसोरीच्या हाती द्यायला ती तयार होईना. स्वतःच निघाली, भर उन्हात, पाखाडीवरून, पदर डोक्यावर घट्ट ओढून. मी मागून धावले. त्या काळी तिच्यासारखी बाई अशा वेळी बंदरावर जात नसे, नमू. हमालांनी वाट दिली ती आश्चर्यानं.

आम्ही धक्क्यावर पोचलो आणि थैली गेली होती. आगबोट लांब खोल पाण्यात उभी, टपालाचा पडाव अर्ध्या वाटेवर. भोंगा झाला. मला रडू फुटलं. मावशीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. धक्क्यावर नजर फिरवली आणि हाक मारली, "हसनमियाँ!"

हसनमियाँ उतारूंचा शेवटचा पडाव सोडत होता. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचा रजेचा अर्ज तिनंच लिहिला होता, तेव्हा त्याला चाळीस चिंचोके मांडायला लावून घाम काढला होता.

"काय मावशी? तुमी हितं?"

"हा कागद बोटीवरच्या टपालवाल्याच्या हातात द्यायचा. हातात. दुसऱ्या कुणाच्या नाही."

"देतंय."

"आणि परत येऊन मला सांगायचं. मी इथे उभी आहे."

"अवो, उन्हात कशाला? घरी जावा. मी सांगावा धाडतंय."

"मी इथे उभी आहे," ती म्हणाली.

आणि उभी राहिली. पडाव लहान लहान होत गेला. बोटीच्या पोटाशी लागला. माणसं शिडीवरून मुंग्यांसारखी चढली. मग बोटीनं तोंड फिरवलं. पडाव परत येईपर्यंत ती हलली नाही, की माझा हात सोडला नाही. हसनमियाँनं लांबूनच दोन्ही हात वर करून रिकामे पंजे दाखवले. तेव्हा कुठे तिनं माझा हात सोडला. बघते तर माझ्या मनगटावर तिची पाच बोटं उमटलेली.

नंतरचे दिवस वाईट गेले. पाऊस लागला, समुद्र बंद. तात्या रोज जेवताना म्हणायचे, "दोन मागितले असते तर एव्हाना उत्तर आलं असतं." आई ऐकून घ्यायची. अंबूमावशी रोज सकाळी यायची, अण्णाच्या उशाशी लावून ठेवलेल्या ओळींतला एक चिंचोका उचलून डब्यात टाकायची आणि जायची. तात्या असले तरी. त्यांच्यादेखत.

चोविसावा चिंचोका उचलला त्या दिवशी घाटावरून फिरून पत्र आलं. भिजलेलं. आईनं ते फोडलंच नाही, तसंच मावशीच्या पडवीत नेलं. मागून तात्याही आले. न बोलावता, छत्री न घेता. मावशीनं हात धुतले. पत्र उघडलं. वाचलं. परत वरपासून वाचलं. तिचा चेहरा दगडासारखा. आई भिंतीला धरून खाली बसली.

"अगो बोल काहीतरी!" तात्याच ओरडले.

"दिली," मावशी म्हणाली. "तीन महिने. जागा राखली आहे." मग पत्र डोळ्यांशी नेऊन नाक मुरडलं. "पण आकडी चुकीच्या जागी घातलीय मेल्यानं. गुरं तीन आणि गुराखी पुढे! साहेबाच्या देशात कळप असाच ओढतात की काय?"

आई रडता रडता हसली. तात्या तसेच पावसातून घरी गेले. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी मावशी आली तेव्हा पंचविसावा चिंचोका त्यांनी स्वतः उचलला आणि तिच्या डब्यात टाकला. त्या मधल्या महिन्यात अण्णाला पुन्हा ताप आला, आठ दिवस. तेव्हा तो मुंबईत खोलीवर एकटा असता तर काय झालं असतं, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही. नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या बोटीनं तो गेला आणि आपल्या जागेवर बसला.

मी शेवटचं तिला बघितलं ते माझ्या लग्नानंतर चार वर्षांनी. मी सासरहून, चिपळुणाकडून, चार दिवसांसाठी आले होते. मावशीचे डोळे अधू झालेले. मेज भिंतीला लावून ठेवलेलं. पावलावरून मला ओळखलं.

"किती दिवस?"

"चार."

"मोजले कुणी?"

"सासूबाईंनी."

"तू किती मागितलेस?"

मी खाली बघितलं. मी मागितलेच नव्हते. मागितले असते तर सासूबाई आठ देत्या, त्या काही वाईट नव्हत्या. मीच भिडस्त.

मावशीनं चाचपडत डबा काढला. माझ्या तळहातावर चार चिंचोके ठेवले. मग आणखी चार मोजून घेतले, मला दिले नाहीत, आपल्याच मुठीत मिटले. "हे तुझेच आहेत. न मागितलेले. पुढच्या खेपेला येऊन घे."

चौथ्या दिवशी मोटारीत बसायला निघाले तेव्हा ती पाखाडीच्या टोकाशी उभी होती. निरोपाला हात हलवला नाही. मिटलेली मूठ तेवढी वर धरली होती, मी वळणाआड होईपर्यंत.

पुढची खेप झाली नाही. श्रावणात ती गेली. न मागितलेल्या त्या चार दिवसांची चुटपुट मला आजही लागते.

म्हणून तुझं कार्ड वाचल्यावर तीन दिवस मी रागात होते. आज राग गेला. तुझी आई म्हणते, तुझी तीन आठवड्यांची रजा शिल्लक आहे आणि तू ती मागायला लाजतेस. तर नमू, ऐक. सकाळी चिंच फोडली. पडवीतल्या मेजावर एकवीस चिंचोके मांडून ठेवलेत, एका ओळीत, धुऊन. रोज पुसते. साहेबाला विचार, नीट मोजून विचार, आणि लवकर ये. पहिला चिंचोका तू आल्यावर तुझ्या हातानं उचलायचा आहे. मी एकालाही हात लावणार नाही.